शीतलच्या ताटात काय होतं

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते. अंगणवाडीच्या एका खोलीत वीस बायका, त्यांची रडणारी लेकरं आणि दाराशी कोणाचा तरी सुरू ठेवलेला ट्रॅक्टर असला की हळू बोलणाऱ्या नर्सचं कोणी ऐकत नाही. तेहतीस वर्षं मी या आवाजावर नोकरी काढली. आता निवृत्तीनंतर तो घरात वापरते, पण यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे पूर्वीसारखी मजा येत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर ओळखीच्यांनी मला विषयही सुचवले. नाल्याला पूर आला होता ती बाळंतीण लिहा, बैलगाडीत झालेली जुळी लिहा. ते सगळं झालंय, आणि प्रत्येक नर्सकडे अशा चार गोष्टी असतातच. पण खरं सांगायचं तर माझ्या नोकरीतला मोठा भाग बायकांना एकच प्रश्न विचारण्यात गेला: काल काय जेवलीस? आणि या प्रश्नातच मी एकदा अशी चुकले की त्याची आठवण आली तर अजून कानशिलं तापतात.

आमचं उपकेंद्र शिरपूर आणि केनवडच्या मधल्या पट्ट्यातलं. माझ्याकडे पाच गावं होती. महिन्यातून एक दिवस प्रत्येक गावात अंगणवाडीत बसायचं. लेकरांना लस द्यायची आणि दोन जिवांच्या बायकांची तपासणी करायची. वजन, रक्तदाब, पोटावरून बाळाची वाढ, आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब. हा थेंब मशीनच्या पट्टीवर ठेवला की हिमोग्लोबिनचा आकडा येतो. आमच्याकडे त्याला पॉइंट म्हणतात. ‘बाई, माहे पॉइंट किती?’ असं बाया विचारतात. अकराच्या वर असले तर मी खूश, दहाच्या खाली आले की आवाज चढणार. मग लाल गोळ्या हातात ठेवायच्या. या गोळ्या लोहाच्या. बाळाला आईच्या रक्तातूनच सगळं मिळतं, त्यामुळे आईचं रक्त पातळ तर बाळ बारीक, आणि बाळंतपणात रक्त गेलं तर जिवावरची वेळ.

आमच्या भागात बरीच घरं माळकऱ्यांची. अंडं-मटण घरात येत नाही. शिरपूरला जैन मंडळींची वस्ती, तिथे तर कांदा-बटाट्याचाही प्रश्न. ‘अंडं खा’ हे सोपं उत्तर माझ्या कामाचं नव्हतं. सुरुवातीला प्रशिक्षणात मिळालेला तक्ता मी भिंतीवर लावायची. त्यात सफरचंद, पनीर, पालकाचं सूप असलं काहीबाही होतं. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं तो तक्ता नीट निरखून पाहिला आणि मला विचारलं, ‘बाई, हे लाल फळ आपल्या कोणत्या वावरात लागते?’ सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि घरी जाताना तक्ता काढून टाकला.

मग मी माझा तक्ता बनवला, तो डोक्यात. ज्वारीची भाकर आहेच. तिच्याबरोबर जवसाची नाहीतर तिळाची चटणी. भिजवून मोड आणलेले मूग. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला असतो त्याची भाजी. अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे-गूळ. आणि वरून लिंबू पिळायचंच, कारण आंबटाशिवाय पाल्यातलं लोह अंगी लागत नाही. हे सगळं घरातलं किंवा बांधावरचं. बायकांना नवीन काही आणायला सांगितलं की ती सूचना मान हलवून अंगणवाडीतच सोडून जातात, हे मला दहा वर्षांनी कळलं.

सोयाबीनचं मात्र मला फार अवघड गेलं. आमच्या जिल्ह्यात नजर जाईल तिथे सोयाबीन. पण ते बाजारात न्यायचं पीक, ताटात घ्यायचं नाही. ‘ढोरायची ढेप होते त्याची, ते काय आमी खावाव?’ असं मला तोंडावर विचारलंय. आमच्याकडे पेंडीला ढेप म्हणतात. शेवटी मी स्वतःच्या घरून सोयाबीन नीट भाजून, दळून, ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरी करून नेल्या आणि काही न सांगता वाटल्या. खाऊन झाल्यावर सांगितलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला, पण दुसऱ्या महिन्यात तिनंच विचारलं, किती वेळ भाजायचं? कच्चं अजिबात घालू नकोस, खरपूस होऊ दे, असं मी तिला सांगितलं.

चहा हा माझा जन्माचा वैरी. लाल गोळीबरोबर चहा घेतला तर गोळीतलं लोह चहाच अडवतो. आणि आमच्याकडे तर गोळी गिळायला पाणी नाही, चहाच लागतो. मी दर महिन्याला घसा फोडायची. ऐकणाऱ्या फार थोड्या. त्यातली एक शीतल.

शीतल तेवीस वर्षांची, बारीक चणीची, कमी बोलणारी. शेतकऱ्याचं घर, माळकरी, दारात दोन दुभत्या म्हशी आणि एक वगार, म्हणजे म्हशीची पारडी. सासू गयाबाई माझ्याच वयाची आणि माझ्याइतकीच मोठ्या आवाजाची, त्यामुळे आमचं पटायचं. शीतलची ही दुसरी खेप. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याला दोन वर्षं झाली होती. त्या वेळी मी नसबंदीच्या शिबिरात होते आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. या वेळी हिचं बाळ हातात घेतल्याशिवाय राहायचं नाही, असं मी मनाशी घेतलं होतं.

नोंदणीच्या दिवशी मी तिचं कार्ड भरायला घेतलं. आहाराच्या रकान्यात दूध असतं. मी वर पाहिलं, गयाबाई शेजारी बसलेल्या. त्यांच्या म्हशी मला ठाऊक. मी विचारलंही नाही, ‘रोज’ असं लिहून टाकलं. चहाचं मात्र विचारलं. शीतल म्हणाली, ‘सोडला बाई.’ मला इतका आनंद झाला की मी सगळ्या बायकांसमोर तिला उभं केलं आणि म्हटलं, पाहा, असं ऐकायचं असतं. ती लाजून खाली बघत होती. रेखा, आमची आशा सेविका, ती तर पुढे प्रत्येक गावात हे उदाहरण द्यायला लागली.

पॉइंट नऊच्या जवळ होते. मी गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्यात साडेआठ. मी म्हटलं, वेळ लागतो. त्याच्या पुढच्या महिन्यात आठच्याही खाली. बाळाची वाढही मागे पडायला लागली होती. तिला धाप लागत होती, चेहरा पिवळट झाला होता, आणि हाताच्या बोटांचे सांधे काळे पडले होते. गयाबाई त्यावरून तिला बोलायच्या, की राखेनं भांडे घासते पण हात धुवाचा कंटाळा. मीही ते हात पाहिले. हातात हात घेऊनच बोट टोचते ना मी. पाहिले आणि सोडून दिले.

माझा निष्कर्ष तयार होता. गोळ्या फेकत असणार. असं फार होतं. गोळ्यांनी मळमळतं, बाळ काळं होतं असा समज असतो, मग गोळ्या उकिरड्यावर जातात आणि बाया मात्र आम्हाला हो म्हणतात. हे ओळखायची एक साधी खूण आहे. लोहाची गोळी खरंच पोटात गेली तर शौचाला काळं होतं. हा प्रश्न एकटीला बाजूला घेऊन विचारायचा असतो. त्या दिवशी माझं डोकं तापलं होतं. भरल्या खोलीत, तिची सासू, जाऊ, गावातल्या पंधरा बाया समोर असताना मी विचारलं, ‘संडासले काळं होते का तुले? नाही ना? मंग गोळ्या कुठं टाकते ते सांग.’

ती काही बोलली नाही. सासूसमोर, जावेसमोर कोणती सून याचं उत्तर देईल? पण मला ते गप्प राहणं म्हणजे कबुली वाटली. मी बोलत सुटले. एक लेकरू गेलं तरी अक्कल आली नाही, हेही बोलले. शीतलनं पदर नीट केला, कार्ड उचललं आणि निघून गेली. गयाबाई तिच्या मागे गेल्या, आणि जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या आठवड्यात रेखानं सांगितलं की शीतलला पायात मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन तिखट लागू देत नाही. तेव्हा मी घाबरले. गयाबाईंना निरोप दिला आणि स्वतः त्यांच्यासोबत तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी आधी जीभ पाहिली. मग शीतलचे दोन्ही हात उजेडात धरले आणि त्या काळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. दूध घेता का, असं विचारलं. शीतल म्हणाली, घेते. गयाबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी गिलास मीच भरून देतो तिले.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. मी तयारीनं गेले, गोळ्या फेकणाऱ्या बायांबद्दल सांगायला. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, लोह हिच्या रक्तात भरपूर आहे. गोळ्या ही नियमानं घेते. हिला बी-ट्वेल्व्ह नाही.’

मग त्यांनी मला समजावलं. हे जीवनसत्त्व कोणत्याच डाळीत, पाल्यात, फळात नसतं. अंडं, मांस, मासे नाहीतर दूध-दही यातूनच ते मिळतं. ते नसेल तर रक्ताच्या पेशी धड तयारच होत नाहीत, मग कितीही लोह घाला. अंगात त्याचा साठा असतो, तो हळूहळू सरतो, आणि सरला की रक्त, जीभ, पायाच्या नसा, सगळ्यांवर येतं. बोटांचे काळे सांधे ही त्याचीच खूण. त्यांनी मला पुन्हा विचारलं, दूध घेते हे नक्की ना? कारण दूध घेणाऱ्या बाईला सहसा इतकं कमी नसतं. मी कार्ड पाहिलं. माझ्याच अक्षरात ‘रोज’ लिहिलं होतं.

बाहेर बाकावर शीतल बसली होती. गयाबाई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होत्या. मी तिच्या शेजारी बसले. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, ‘बेटा, तू गोळ्या घेत होतीस. मी सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. तुझ्या लेकराचं नाव काढलं. माझं चुकलं.’ तेहतीस वर्षांत पेशंटसमोर मी रडले नव्हते, त्या दिवशी रडले.

तिनं आधी खिडकीकडे पाहिलं, सासू लांब आहे ना म्हणून. मग खाली बघत बोलली. ‘बाई, मी दूध घेत नाई. पहिलं लेकरू गेलं तवा माहेरच्या देवीपाशी बोलली होती. लेकरू मांडीवर येईलोक दूध, दही, ताक, तूप तोंडाले लावीन नाई. हे घरच्या कोणाले सांगाचं नसते. सांगतलं का नवस जाते.’

मी विचारलं, ‘आणि सासू देते तो ग्लास?’

‘वगारीच्या घमेल्यात,’ ती म्हणाली.

मला त्या अवस्थेतही हसू आलं. गयाबाई गावभर सांगायच्या की आपली वगार कशी झपाट्यानं वाढली, घराण्याचा गुण आहे म्हणून. आणि तो चहा. चहात दूध असतं म्हणून तिनं चहा सोडला होता. मी मात्र तिला माझी सगळ्यात शहाणी विद्यार्थिनी समजून पाच गावांत मिरवत होते.

दोन वर्षांच्या वर एका घरात राहून हे कोणाला दिसलं कसं नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण आमच्याकडे सून सगळ्यांना वाढते आणि शेवटी जेवते, भिंतीकडे तोंड करून, उरलेल्यात. पुरुष काय खातात ते सगळ्या घराला ठाऊक असतं. लेकरानं अर्धी भाकर टाकली तर चर्चा होते. सुनेच्या वरणावर तूप आहे का नाही, हे पाहायला तिथे कोणी नसतंच. मी ज्या बायकांना आयुष्यभर ‘काल काय जेवलीस’ विचारलं, त्यांच्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेली एकच व्यक्ती होती, आणि तिला मी नोंदणीच्या दिवशी विचारलं नव्हतं.

आता प्रश्न असा की पुढे काय. माझ्यातली जुनी नर्स म्हणत होती, नवस मोड, लेकरासाठीच तर बोललीस ना, मग लेकरासाठीच मोड. मी तोंड उघडलंही होतं. पण शीतलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं की ती मोडणार नाही. उद्या काही वाईट झालंच तर आपण मोडला म्हणून झालं, हे ती जन्मभर उराशी धरून बसेल. मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, मोडायची गरजच नाही. इंजेक्शन देऊ, त्यात दूध नाही. ते कारखान्यात जिवाणूंपासून तयार होतं. फक्त वेळ कमी आहे, एकही चुकवू नका. पायांच्या मुंग्या लवकर गेल्या नाहीत तर मला पुन्हा दाखवा.

शीतलनं एकच विचारलं, ‘सुईतलं चालते का देवीले?’ देवीच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता, तरी मी म्हटलं, तू तोंडाला लावणार नाही असं बोलली आहेस ना, हे तोंडाला लागतच नाही. तिला ते पटलं. गयाबाईंना मी सांगितलं की पोरगी गोळ्या घेत होती, रक्ताला दुसरं औषध पाहिजे होतं, चूक माझी. नवसाचं बोलले नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

इंजेक्शन आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक. एक दिवस गाडी बंद पडली तर मी पायी गेले. बाकीचं सगळं झाडापाल्यातून उभं करायचं होतं. दुधाऐवजी तिळाचा लाडू आणि कॅल्शियमची गोळी, तीही लाल गोळीपासून चार तास लांब. सोयाबीन मिसळलेली भाकर दोन्ही वेळा. जाड वरण, हरभऱ्याच्या घुगऱ्या, शेंगदाण्याची चटणी, रोज कुठला तरी पाला आणि लिंबू. गयाबाईंना मी एक काम लावलं. म्हटलं, औषध लागू पडते का ते पाहायचं आहे, सून काय जेवते हे तुम्ही रोज शेजारी बसून पाहा आणि मला सांगा. त्या म्हणाल्या, तिच्यासंग बसू? मी म्हटलं, तिच्यासंगच. पहिले दोन दिवस दोघींना घास गिळवेना, असं रेखा सांगत होती. मग सवय झाली. दूध मात्र शीतल ‘निजताना घेतो’ म्हणायची, आणि वगारीचं नशीब तसंच राहिलं.

दोन आठवड्यांत तिची जीभ निवळली. महिन्यानं मुंग्या कमी झाल्या, तोल सावरला. पॉइंट आठ, मग नऊच्या वर, मग साडेदहा. त्या साडेदहाच्या दिवशी अंगणवाडीत तीच सगळी मंडळी बसलेली होती. मी आकडा मोठ्यानं वाचला. मग उभी राहिले आणि सांगितलं की शीतल पहिल्या दिवसापासून गोळ्या घेत होती, मी तिच्यावर खोटा आळ घेतला होता. माझा आवाज त्या दिवशी जरा बारीकच निघाला. मागून कोणी तरी म्हणालं, बाई, ऐकू नाई आलं. मग मला ते दुसऱ्यांदा, माझ्या नेहमीच्या आवाजात सांगावं लागलं.

शीतलला मुलगी झाली, दवाखान्यात, सकाळी दहाच्या सुमारास. वजन अडीच किलोच्या वर, आणि रडणं असं की वॉर्डातल्या बाकीच्या बाया उठून पाहायला आल्या. डॉक्टरीणबाईंनी आईचं इंजेक्शन पुढेही चालू ठेवायला सांगितलं, कारण अंगावरच्या दुधातून लेकरालाही तेच जाणार. मी कार्डावर वजन लिहीत होते तेव्हा शीतलनं सासूला जवळ बोलावलं. मुलगी तिच्या मांडीवर होती. तिनं सगळं सांगितलं, देवीपासून वगारीपर्यंत. मला वाटलं, आता गयाबाईंचा आवाज निघतो.

त्या उठल्या. बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत तेव्हा शीतल माझ्याकडे बघायला लागली, आणि मीही उठून पाहून यावं की काय या विचारात होते. मग त्या आल्या, हातात दुधाचा ग्लास. कुठून आणला कोण जाणे. सुनेच्या खाटेवर टेकल्या, ग्लास तिच्या तोंडाशी धरला आणि ती पिईपर्यंत हात खाली घेतला नाही. डोळे भरलेले होते, तरी रागही होता.

‘अडीच साल एकटी राह्यली तू,’ त्या म्हणाल्या. ‘मले सांगतलं असतं तं मीबी सोडलं असतं.’